यवन दाते, कार्ले लेण्यातील

पश्चिम महाराष्ट्रातील कार्ले (ता. मावळ, जि. पुणे) येथील बौद्ध चैत्यगृहात स्तंभांचे दान करणारे आणि त्या स्तंभांवर स्वतःचा निर्देश ‘यवन’ असा कोरविणारे दाते. चैत्यगृहाचा काळ सामान्यतः इ. स. पहिले शतक मानला जातो. जुन्या अभ्यासकांपैकी काहींनी तो इ. स. पू. पहिल्या शतकापर्यंत मागे नेला होता. प्राचीन भारतीय लेखांत यवन (प्राकृत रूपे योन, योनक, यवन) हा शब्द मूलतः ग्रीकांना उद्देशून येतो. त्यामुळे सह्याद्रीच्या एका डोंगरावर, मध्यभागी बुद्धाचा स्तूप असलेल्या वास्तूत, ग्रीक म्हणवून घेणारी माणसे आढळतात, ही या लेखांची पहिली विशेषता. दुसरी विशेषता अशी, की या माणसांपैकी एकाचेही नाव ग्रीक नाही. या दुसऱ्या गोष्टीमुळेच कार्ल्याचे हे लहानसे लेख शंभराहून अधिक वर्षे विद्वानांच्या चर्चेचा विषय झाले आहेत.

मराठी वाचकाला यवन हा शब्द बखरींतून व संतवाङ्‌मयातून परिचित आहे. तेथे त्याचा अर्थ मुसलमान असा होतो आणि त्याला बहुधा परक्या सत्तेचा, क्वचित शत्रुत्वाचाही वास असतो. हा अर्थ मध्ययुगीन आहे. कार्ल्याचे लेख वाचताना तो पूर्णपणे बाजूस ठेवावा लागतो. आशिया मायनरच्या पश्चिम किनाऱ्यावरील आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून प्राचीन इराणी लेखांत ‘यौन’ हा शब्द रूढ झाला आणि इराणी साम्राज्याच्या पूर्व सीमेवरून तो भारतात आला. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘यवनानी’ हे रूप येते व त्यावरील वार्त्तिकात ते यवनांच्या लिपीचे नाव म्हणून स्पष्ट केले आहे. अशोकाच्या तेराव्या शिलाशासनात सीरियाचा अंतियोक हा योनराजा, तसेच ईजिप्तचा तुरमाय (टॉलेमी), मॅसिडोनियाचा अंतेकिन (अँटिगोनस) इ. समकालीन ग्रीक राजांची नावे आहेत. ग्रीकांशी आलेल्या संबंधांची खूण भाषेतही उरली आहे. ज्योतिषातील होरा व केंद्र हे शब्द ग्रीकमधून आले, तर किल्ल्याच्या तटाखाली लावला जाणारा सुरुंगही मूळ ग्रीक शब्दाचेच रूपांतर आहे असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

कोकणाशी योनांचा संबंध याहून जुना सांगितला जातो. महावंस या श्रीलंकेतील पाली इतिवृत्तानुसार, अशोकाच्या काळी तिसऱ्या बौद्ध संगीतीनंतर निरनिराळ्या देशांत धर्मप्रसारक पाठविण्यात आले. त्यांपैकी अपरांतात, म्हणजे कोकणपट्टीत, जो भिक्षू आला त्याचे नाव योन धम्मरक्खित असे होते. महावंस हा ग्रंथ या घटनेनंतर सात-आठ शतकांनी रचला गेला, ही गोष्ट विसरता येत नाही. तथापि सोपारा (जि. पालघर) येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या शिलाशासनांचे तुकडे मिळाले असल्यामुळे त्या काळी अपरांत मौर्यांच्या धर्मप्रचाराच्या कक्षेत होता, हे निश्चित होते. नावाकडे मात्र आताच लक्ष द्यावयास हवे : धम्मरक्खित हे संपूर्ण भारतीय व बौद्ध नाव आहे आणि त्याच्यामागे ‘योन’ हे बिरुद आहे. कार्ल्याला जे कोडे पडते, त्याची रचना येथेच दिसते.

कार्ल्याला कोकणातून जाण्याची वाट बोरघाटातून जाते व तिचे कोकणातील आधुनिक तोंड म्हणजे पनवेल. ग्रीक ग्रंथांत पनवेलचे नाव येत नाही. त्यांत या किनाऱ्यावरील सोपारा, कल्याण व चौल ही बंदरे अनुक्रमे सुप्पारा, कॅलिएना व सेमिल्ला या नावांनी येतात. पनवेलची खाडी कल्याण व चौल यांच्या मधोमध येते. आगगाडी सुरू होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी होडीने पनवेलला उतरे आणि चौक, खालापूर, खोपोली या मार्गाने घाटाच्या पायथ्याशी येई. लॉर्ड व्हॅलेन्शिया हा इंग्रज उमराव व त्याचा चित्रकार साथीदार हेन्री सॉल्ट यांनी १८०४ मध्ये कार्ले लेणे पाहिले; १८०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅलेन्शियाच्या प्रवासवृत्तामुळे या लेण्याची युरोपीय वाचकांना ओळख झाली. पुढे १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये लोहमार्ग पूर्ण झाला व २००२ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीहून निघणारा द्रुतगती मार्ग पूर्णत्वास गेला. साधने बदलली, परंतु डोंगराची फट तीच राहिली. पनवेलच्या दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका आणि पूर्वेस प्रबळगड ठेवून घाटाकडे निघालेल्या प्रवाशाला समोर सह्याद्रीची जी भिंत दिसते, तिच्या पलीकडच्या अंगास कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी आहेत, तर अलीकडच्या अंगास, राजमाचीच्या पोटात, कोंडाणे हे लेणे आहे. घाटाच्या दोन्ही तोंडांशी लेण्यांची अशी दाटी होणे हा योगायोग नव्हे. भिक्षूंना भिक्षेसाठी वस्ती हवी व ध्यानासाठी एकांत हवा, आणि व्यापारी तांड्यांना चढणीनंतर विसावा, पाणी व सुरक्षितता हवी. या गरजा घाटमाथ्यालगतच्या डोंगरांत एकाच ठिकाणी भागत.

लोणावळ्याहून पुण्याच्या दिशेने सु. ११ किमी. गेल्यावर कार्ल्याचा फाटा लागतो. लेणे डोंगराच्या मध्यावर खोदलेले असून पायऱ्यांच्या वाटेने वर जावे लागते. वाटेवर हारफुले, नारळ व पेढे यांची दुकाने असतात, कारण वर जाणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक लेणे पाहण्यास आलेले नसतात. ते एकवीरेच्या दर्शनास आलेले असतात. एकवीरादेवी ही कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू इ. समाजांची कुलदेवता असून तिचे मंदिर चैत्यगृहाच्या दारातच, उजव्या हातास आहे. चैत्रातील यात्रेस पनवेल, उरण, अलिबाग, ठाणे, मुंबई येथील किनाऱ्यावरील कुटुंबे मोठ्या संख्येने घाट चढून येतात. समुद्रकाठच्या माणसांनी या डोंगरावर येऊन देवस्थानाला काही अर्पण करावे, ही रीत येथे नवी नाही, एवढेच यावरून म्हणता येईल. त्याहून अधिक सांधा जोडण्यास पुरावा पुरत नाही.

येथे ग्रीक अवशेष पाहावयाच्या अपेक्षेने कोणी आला, तर तो निराश होईल. अथेन्सच्या अक्रॉपलिसवर जशी टेकडीच्या माथ्यावर संगमरवरी स्तंभांची देवळे उभी आहेत, तसे काहीही यवनांनी महाराष्ट्रात बांधलेले ज्ञात नाही. कार्ल्याचे चैत्यगृह हे दगडात खोदलेल्या भारतीय वास्तूचे, किंबहुना दगडात उतरविलेल्या लाकडी वास्तूचे, सर्वांत मोठे उदाहरण आहे. त्याची लांबी सु. ३८ मी., रुंदी व उंची प्रत्येकी सु. १४ मी. आहे. गजपृष्ठाकृती छताला प्रत्यक्ष लाकडाच्या कमानदार फासळ्या बसविलेल्या असून त्यांतील प्राचीन लाकूड आजही जागेवर आहे. मध्यदालनाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी पंधरा अलंकृत स्तंभ व स्तूपाच्या मागे सात साधे अष्टकोनी स्तंभ आहेत. अलंकृत स्तंभाच्या तळाशी पायऱ्यापायऱ्यांच्या बैठकीवर घट, वर उपडी घंटा किंवा कमळ आणि शीर्षावर मध्यदालनाकडे तोंड करून गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर आरूढ झालेली माणसे, अशी योजना आहे. वैजयंतीचा (कर्नाटकातील बनवासी) श्रेष्ठी भूतपाल याने ओवरीतील लेखात हे शैलगृह आपण पूर्णत्वास नेल्याचे सांगून त्याला जंबुद्वीपातील सर्वोत्तम म्हटले आहे. अशा लेखांत स्वस्तुती नेहमीचीच असते. भूतपालाच्या बाबतीत ती फारशी खोटी ठरत नाही.

भूतपालाचा हा दावा असला, तरी चैत्यगृह एकट्याच्या पैशाने झाले नाही. प्रांगणातील सिंहस्तंभ महारठी अगिमित्रणक याने दिला. दर्शनी भागाच्या कामात धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त व तेथीलच सामी नावाचा सुतार यांचा वाटा होता. आतले स्तंभ एकेका दात्याच्या नावे आहेत. त्यांत सोपाऱ्याचा सातिमित हा धर्मग्रंथांचे पठण करणारा भिक्षू आहे व त्याच्या स्तंभात पवित्र अवशेष ठेवलेले होते. धेनुकाकटच्या व्यापाऱ्यांच्या संघाने सामुदायिक रीत्या दिलेलाही एक स्तंभ आहे. राजे या यादीत शेवटी येतात. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने वलूरक येथील भिक्षूंना वर्षावासासाठी करजिक हे गाव दिले. वलूरक हे कार्ल्याचे प्राचीन नाव. सातवाहनांच्या लेखात या भागाला मामाल असे म्हटले असून आजचे मावळ हे त्याचेच रूप आहे.

अशा या मिश्र समुदायात यवन येतात. सहा स्तंभांवरील लेखांत दात्याला यवन म्हटले आहे. त्यांची नावे सिहधय (सिंहध्वज), धंम (धर्म), यसवधन (यशोवर्धन), चुलयख (क्षुद्रयक्ष), धमधय (धर्मध्वज) व चिट (चित्र) अशी आहेत. पहिले पाच धेनुकाकटचे आहेत, तर चिट हा उमेहनाकट या गावचा. लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत आणि त्यांतील मजकूर अमुक गावच्या, अमुक नावाच्या यवनाचे हे स्तंभदान, यापलीकडे जात नाही. देवता, कुलदैवत, व्यवसाय, वडिलांचे नाव, दानाचा हेतू यांपैकी काहीही त्यांत नाही. कार्ल्याच्या लेखांचे संपादन एमील सनार या फ्रेंच विद्वानाने विसाव्या शतकाच्या आरंभी केले व पुढे माधो सरूप वत्स यांनी त्यात भर घातली. काही ठिकाणी अक्षरे झिजलेली असल्याने वाचनांत किरकोळ भेद आहेत. एका लेखात तर यवन हे बिरुद नसून नावाचाच भाग असावा, असेही सुचविले गेले आहे.

शिल्पदृष्ट्या यवनांचे स्तंभ इतरांहून भिन्न नाहीत. ते रांगेत कोठे दूर लोटलेले नाहीत, मोठे नाहीत, लहानही नाहीत. लेख वाचल्याशिवाय कोणता स्तंभ यवनाचा व कोणता सोपाऱ्याच्या भिक्षूचा, हे ओळखता येत नाही. अपवाद म्हणून एका स्तंभशीर्षावरील प्राण्याकडे बोट दाखविले जाते. दा. ध. कोसंबी यांनी त्यात स्फिंक्स, म्हणजे मानवी मुखाचा सिंहदेही प्राणी, ओळखला व त्यावरून ईजिप्तमधील अलेक्झांड्रियाशी असलेल्या व्यापारी संबंधांची सूचना केली. मानवी मुखाचे संमिश्र प्राणी भारतीय शिल्पालाही अपरिचित नव्हते. म्हणून केवळ त्या एका आकृतीवर मोठा निष्कर्ष उभारणे धाडसाचे होईल.

नावे भारतीय असताना या दात्यांना यवन का म्हणावे, या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे देण्यात आली. डब्ल्यू. डब्ल्यू. टार्न या इंग्रज इतिहासकाराने १९३८ मध्ये असे मत मांडले, की हे लोक वंशाने भारतीयच असून एखाद्या ग्रीक नगरराज्याचे नागरिकत्व मिळाल्यामुळे स्वतःला यवन म्हणवीत. हे मत कल्पक आहे. परंतु दख्खनमध्ये ग्रीक पद्धतीचे नगरराज्य होते असे दाखविणारा पुरावा त्याच्या पाठीशी नाही आणि भारतीयाला भारतीय नावासह ग्रीक ठरविण्याची एवढी खटपट कशासाठी, असा प्रश्न ते वाचताना पडतो. दुसरे मत असे, की हे खरोखरच ग्रीक किंवा ग्रीकवंशीय असून बौद्ध धर्म स्वीकारताना त्यांनी भारतीय नावे घेतली. धर्म, धर्मध्वज ही नावे त्यास अनुकूल आहेत. सिंहध्वज व क्षुद्रयक्ष यांत मात्र बौद्ध असे विशेष काही नाही. तिसऱ्या मतानुसार इ. स. पहिल्या शतकापर्यंत यवन हा शब्द पश्चिमेकडून समुद्रमार्गे येणाऱ्या व्यापाऱ्यांचा सामान्य वाचक झाला होता; त्यात ग्रीक, ईजिप्शियन, सिरियन असा भेद उरला नव्हता.

हा प्रश्न केवळ कार्ल्याच्या सहा नावांवर सुटणारा नाही. भारतातील इतर लेख शेजारी ठेवले, की त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील गरुडस्तंभ आहे. तो उभारणारा हीलिओडोरस हा तक्षशिलेचा रहिवासी, अंतिआल्किडस या ग्रीक राजाचा दूत व वासुदेवाचा भक्त होता. त्याचे नाव ग्रीक, बिरुद योन व धर्म भागवत. याउलट, गुजरातमधील जुनागढ येथील रुद्रदामनच्या लेखात (सु. इ. स. १५०) सुदर्शन तलावाच्या जुन्या इतिहासात अशोकाचा प्रांताधिकारी म्हणून यवनराज तुषास्फ याचा उल्लेख येतो. तुषास्फ हे नाव ग्रीक नसून इराणी आहे. म्हणजे वायव्येकडून आलेल्या इराणी माणसालाही यवन म्हणण्याची पद्धत होती. आणि खुद्द कार्ल्यातच धेनुकाकटचा एक वैद्य स्तंभदाता आहे. त्याचे नाव मिलिंद. मिनँडर या ग्रीक राजाच्या नावाचे हे भारतीय रूप मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथामुळे सर्वांना माहीत आहे. या वैद्याला लेखात यवन म्हटलेले नाही. ज्यांना यवन म्हटले त्यांची नावे भारतीय, आणि ज्याचे नाव ग्रीक तो यवन नाही, असा हा उलटा प्रकार एकाच दालनात, एकाच गावच्या लोकांत आढळतो.

यावरून नाव हा वंशाचा विश्वसनीय पुरावा नव्हे, हे मान्य करावे लागते. माणसे शेजाऱ्यांची नावे घेतात, राजांची नावे मुलांना ठेवतात, दीक्षेच्या वेळी नावे बदलतात. बिरुदाची गोष्ट वेगळी असते. कोरीव लेखात प्रत्येक अक्षराला श्रम व द्रव्य लागते. नुसते ‘धेनुकाकटचा सिंहध्वज’ असे लिहूनही स्तंभ सिद्ध झालाच असता. तरीही दात्याने यवन हा शब्द घालावयास लावला. इतरांनी त्याला नाव ठेवावे म्हणून तो आलेला नाही, तो त्यानेच स्वतःविषयी सांगितलेला आहे. ग्रीक नाव गेले, बहुधा भाषाही गेली, धर्म बदलला आणि तरीही आपण यवनांपैकी आहोत ही जाणीव शिल्लक राहिली, असा अर्थ घेणे प्रस्तुत लेखकास सर्वांत सयुक्तिक वाटते. या जाणिवेचा उगम बॅक्ट्रियातील ग्रीकांत होता की अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यांत, हे वेगळे. दोन्ही प्रवाह पश्चिम किनाऱ्यावर मिळाले असणे शक्य आहे. पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी या इ. स. पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बाजारात अपॉलोडोटस व मिनँडर या भारतीय ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालत असल्याचे सांगितले आहे.

हाच ग्रंथ धेनुकाकटच्या यवनांच्या काळातील परिस्थितीवर प्रकाश टाकतो. ईजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिकी व मायॉस हॉर्मॉस या बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत व नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या साहाय्याने भारताच्या किनाऱ्यास लागत. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान खडे आणि तगर (तेर, जि. धाराशिव) येथून सुती व तलम कापड गाड्यांवर लादून अवघड रस्त्यांनी भडोचकडे जाई. बाहेरून मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळी व काच येई. कल्याणविषयी ग्रंथकर्ता सांगतो, की ते पूर्वी खुले बाजारपेठेचे बंदर होते; परंतु आता तेथे व्यापारास अडथळे आहेत व चुकून तेथे शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात. क्षत्रप व सातवाहन यांच्या संघर्षाचे हे प्रतिबिंब होय. कल्याणहून देशावर येण्याची एक प्रमुख वाट बोरघाटाकडे वळते. तेव्हा या राजकीय तेढीची झळ कार्ल्याच्या दात्यांना लागली असणारच. धेनुकाकटच्या मित्रदेवणक नावाच्या स्तंभदात्याचा पिता उषभदत्त असल्याचे लेखात म्हटले आहे. तो नहपानाचाच जावई असेल, तर क्षत्रप घराण्यातील माणूस, व्यापारी, सुतार, भिक्षू व यवन हे एकाच रांगेतील दाते ठरतात.

धेनुकाकट कोठे होते, याचा निकाल लागलेला नाही. डहाणू, कल्याण व आंध्रातील धरणीकोट अशी नावे सुचविली गेली. कोसंबींनी १९५५ च्या सुमारास ते कार्ल्याजवळील देवघर असावे असे प्रतिपादन केले. कोसंबी पुण्यास राहत व मुंबईस नोकरीसाठी ‘डेक्कन क्वीन’ने जात, त्यामुळे घाटातील हा प्रदेश त्यांच्या रोजच्या वाटेवरचा होता, आणि सुटीच्या दिवशी डोंगर पायी तुडवून लेख, दगडी हत्यारे व ग्रामदेवता यांचा शोध घेण्याची त्यांची पद्धत होती. त्यांच्या मताचे बळ असे, की इतक्या साध्या लोकांनी, सुतारांनी व वैद्यांनी, दूरच्या आंध्रातून येऊन येथे दाने द्यावीत, हे संभाव्य वाटत नाही. समुद्रकाठचे बंदर की घाटमाथ्यावरील पेठ, हा वाद उत्खननाशिवाय मिटणार नाही.

कार्ल्याबाहेर जुन्नर येथे तीन यवन दाते आहेत. गत कुळातील इरिल याने दोन पाण्याची टाकी दिली, त्याच कुळातील चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला, तर चंद याने एका अपूर्ण चैत्यगृहाच्या दर्शनी भागाचे काम केले. इरिल हे मात्र भारतीय नाव नव्हे. ‘गत’ हा शब्द गॉथ या जर्मनिक लोकांचा वाचक असल्याचे नॉर्वेजियन विद्वान स्टेन कोनो याने सुचविले होते. ते मत आता सहसा स्वीकारले जात नाही. जुन्नरचा चिट व कार्ल्याचा चिट ही एकच व्यक्ती असावी असाही तर्क आहे. तसे असल्यास नाणेघाट व बोरघाट या दोन्ही वाटांवर एका यवनाचे देणे पोहोचले होते, असे होईल.

नाशिकजवळील पांडवलेणी या बाबतीत अधिक बोलकी आहेत. तेथील सतरा क्रमांकाचे लेणे दत्तामित्रीचा रहिवासी, उत्तरेकडील योनक धर्मदेव याचा मुलगा इंद्राग्निदत्त याने खोदविले. आपल्या आईवडिलांच्या पुण्यार्थ व पुत्र धर्मरक्षित याच्यासह आपण हे लयन, चैत्यगृह व टाकी दिल्याचे तो सांगतो. दत्तामित्री हे डिमीट्रिअस या ग्रीक राजाच्या नावाने वसलेले नगर असावे. येथे तीन पिढ्यांची नावे मिळतात. तिन्ही भारतीय आहेत, त्यांत इंद्र व अग्नी या वैदिक देवतांचेही नाव आहे आणि तरी घराणे योनक. याच डोंगरावर, थोड्याच अंतरावर, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात तिचा पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याला शक, यवन व पह्लव यांचा संहारक म्हटले आहे. दोन्ही लेख त्याच संघाच्या निवासस्थानी कोरले गेले. राजप्रशस्तीतील यवन हा पराभूत शत्रू आहे, तर सतराव्या लेण्यातील यवन हा आईवडिलांचे पुण्य इच्छिणारा गृहस्थ. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत पहिला येतो. दुसऱ्याचा उल्लेख क्वचितच होतो. भिक्षुसंघाने मात्र दोघांचेही लेख आपल्या भिंतींवर राहू दिले.

भूमध्य प्रदेशातून आलेल्या वस्तूही महाराष्ट्रात सापडल्या आहेत. कोल्हापूर येथील ब्रह्मपुरीत मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझची लहान मूर्ती त्यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. पनवेलच्या पश्चिमेस समुद्रात असलेल्या घारापुरी बेटावर मद्याच्या दुमुठी कुंभांचे तुकडे मिळाले. दख्खनमधील अनेक ठिकाणचे असे तुकडे पूर्वी सरसकट रोमन समजले जात; अलीकडच्या फेरतपासणीत त्यांपैकी बरेच इराक-इराणकडील कुंभांचे असल्याचे दिसून आले. वस्तू आली म्हणजे तिच्याबरोबर माणूसही आला, असे होत नाही. त्या दृष्टीने कार्ल्याच्या लेखांचे मोल अधिक आहे, कारण तेथे माणूस स्वतः बोलतो. उलट दिशेचा पुरावा २०२२ मध्ये ईजिप्तमध्ये मिळाला. बेरेनिकी येथील इसिस देवतेच्या मंदिराच्या उत्खननात बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. तिचा काळ सु. इ. स. दुसरे शतक असावा. त्याच मंदिरात संस्कृत व ग्रीक अशा दोन भाषांतील, रोमन सम्राट फिलिप याच्या कारकीर्दीतील (२४४–२४९) लेख व सातवाहन नाणीही मिळाली. परक्या बंदरात राहणाऱ्या भारतीयांनी तेथील देवळात आपले दान ठेवले, ते कार्ल्यातील यवनांच्या दानाचे समुद्रापलीकडील प्रतिरूप होय.

कार्ले लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या संरक्षणाखाली आहे. चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेस असल्यामुळे सकाळी आत काळोख असतो. दुपार कलल्यावर दर्शनी भागातील मोठ्या कमानी गवाक्षातून ऊन आत येते, प्रथम स्तूपावर व नंतर स्तंभांच्या वरच्या भागांवर पडते, आणि हत्तींची शीर्षे उजळतात. लेख त्यांच्याखाली, स्तंभांच्या अष्टकोनी अंगांवर आहेत. अक्षरे उथळ व झिजलेली असल्याने समोरून पाहता ती दिसत नाहीत; कडेने तिरपा प्रकाश टाकला, तर ब्राह्मीतील ‘य’, ‘व’, ‘न’ ही अक्षरे थोड्या सवयीने ओळखता येतात.